महानंदाचा माठ

उंबरजे सरांच्या डोक्यावर केस असे उरलेच नव्हते. कॉलरच्या वर, मानेवर, एक पांढरी झालर तेवढी होती आणि तपासणीवाली मुलगी नेमकी तिच्याच मागे लागली होती.

"सर, मान खाली घ्या. तीन सेंटिमीटरचा तरी केस लागतोय."

"तेवढे असते तर मी भांग नसता पाडला?" सर म्हणाले.

मुलगी हसली नाही. असले विनोद ऐकून तिचे कान किटले असावेत. तिने झालरीतले त्यातल्या त्यात लांब केस शोधले, मुळाजवळ कापून काचेच्या नळीत टाकले आणि शेजारच्या खुर्चीकडे वळली. तिथे सरांच्या पत्नी महानंदाबाई बसल्या होत्या. सत्तरी गाठली तरी त्यांचा शेपटा कमरेपर्यंत होता.

"आज्जी, तुमच्या केसात तर सगळा इतिहासच मावलाय की वो!"

"घे बाई लागेल तेवढा," महानंदाबाई म्हणाल्या. "पण आधीच सांगते, काय निघायचं न्हाई त्यात. आम्ही चार वर्षं हितं न्हवतोच."

"मला सांगून उपयोग न्हाई आज्जी. केस काय सांगत्यात तेवढंच धरत्यात."

बार्शीच्या कचेरीमागचं हे निवास-पडताळणी केंद्र नुकतंच सुरू झालं होतं. इथे काय निकाल लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी ते आले होते, कारण महानंदाबाईंचे धाकटे भाऊ गुरुलिंग यांनी "केस द्यायला काय जातंय? परत उगवत्यात की!" असं म्हणत दोघांना गाडीत कोंबलं होतं. सरांकडे बघून मात्र त्यांनी जीभ चावली होती.

सर आणि बाई चार वर्षांपूर्वी मुलाकडे, निनादकडे, नेदरलँड्समधल्या उत्रेख्त गावी राहायला गेले होते. गुरुलिंगच्या मुलीच्या लग्नासाठी म्हणून दीड-दोन महिन्यांच्या मुक्कामाला बार्शीला आले. मंगल कार्यालयाच्या जिन्यात सर मध्येच खाली बसले ते उठेनात. त्यांनी बोल लावला जिलबीला. महानंदाबाई मात्र बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर होत्या. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर बोटं ठेवली, ओठांचा रंग बघितला आणि अक्षता पडायची वाट न बघता त्यांना तडक सोलापूरच्या हृदयकेंद्रात नेलं.

हृदयातून रक्त बाहेर सोडणारी मोठी झडप आकसून गेली होती. डॉक्टर तरुण होता, पण आडवळणं न घेणारा. "झडप बदलावी लागेल. पावसाळ्यापर्यंत थांबू नका."

"मग आम्ही परत जातो आणि तिकडेच करून घेतो," सर म्हणाले. "तिकडे माझा विमा आहे, सगळं आहे."

"विमानात बसायचं नाही. या झडपेवर तुम्ही मुंबई ओलांडाल की नाही याचीच मला खात्री नाही."

"मग इथे करा."

डॉक्टरने पडद्यावर काहीतरी बघितलं आणि तो पहिल्यांदा अडखळला.

सरांसारख्या मूत्रपिंडं थकलेल्या माणसाला जुनी धातूची किंवा डुकराच्या पेशींची झडप चालणार नव्हती. त्यांना हवी होती रुग्णाच्याच पेशी घेऊन प्रयोगशाळेत वाढवलेली. ती बाजारात मिळत नसे. सरकारी प्रयोगशाळा ठरावीकच झडपा वाढवायच्या आणि यादीप्रमाणे पाळीने द्यायच्या. यादीत नाव घालायचं तर माणूस इथला रहिवासी हवा, नाहीतर सरकारी नोकरीचा हक्क हवा. निवृत्त सरकारी नोकर आणि त्याचा जोडीदार यांना सगळे उपचार हक्काने मिळत, पण तो नोकर वर्षातला निम्म्याहून जास्त काळ देशात राहत असेल तरच. परदेशी राहून पाहुण्यासारखा येणारा असेल, तर जीव जाऊ नये एवढ्यापुरते उपचार आणि बाकीच्यासाठी जिथे राहतो तिथे परत.

"म्हंजे दाजींनी पडायची वाट बघायची?" गुरुलिंगनं विचारलं.

"कायद्याप्रमाणे, हो," डॉक्टर म्हणाला. "पडल्यावर आणा, मी हात लावीन. पण तेव्हा झडप नसेल, नुसते हात असतील."

परत जायला सर फारच आजारी होते आणि इथे उपचार मिळायला पुरेसे आजारी नव्हते. बोटीने जायचं गुरुलिंगने सुचवून पाहिलं. दोन दिवस तो बोटींची चौकशीही करत होता.

हक्क होता तो महानंदाबाईंच्या नावावर. सरांची शाळा खाजगी. तिने निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ देऊन हात झटकले होते. म्हणजे बाईंचे केस काय सांगतात, यावर सरांचा जीव होता. सरांचे केस नुसते नोंदीपुरते.

आता केसच का, हे सांगायला हवं. पूर्वी पासपोर्ट बघून भागत असे. पुढे न्यायालयाने प्रवासाच्या नोंदी आरोग्यखात्याला बंद केल्या, कारण माणूस कुठे जातो-येतो हा त्याचा खाजगी मामला. मग लोकांकडून प्रतिज्ञापत्रं घेऊ लागले, तर लोकांनी वाट्टेल ते लिहून दिलं. तीस वर्षं अमेरिकेत राहणारे लोक "मी माढ्यातच असतो" असं शपथेवर सांगू लागले. शेवटी खात्याने ठरवलं, माणसाच्या तोंडाला लागायचंच नाही.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना त्या महिन्यात माणसाने जे खाल्लं-प्यायलं त्यातूनच घडतो. पाण्यातला ऑक्सिजन सगळा एकसारखा नसतो. बहुतेक हलका, थोडासा जड. थंड, ढगाळ मुलखातल्या पावसात जड ऑक्सिजन कमी असतो, आपल्याकडच्या तापलेल्या पठारावर जास्त. धान्याचंही तसंच. ज्वारी, बाजरी, ऊस ही पिकं हवेतला कार्बन गव्हा-तांदळापेक्षा वेगळ्या रीतीने धरतात आणि त्याची खूण मागे ठेवतात. शिवाय जमिनीचा खडक पिकात उतरतो. काळ्या मातीतल्या धान्यात आपल्या काळ्या पाषाणाची ओळख असते. हे सगळं मोजून यंत्र सांगतं, हा माणूस गेली अमुक वर्षं अमुक भागात राहिला. सरांनी चाळीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्यांना ही कल्पना फार आवडली. केस कापून घेतानाही ते त्या मुलीला मूळ प्रयोग समजावून सांगत होते आणि ती मान डोलवत पुढच्या माणसाला हाक मारत होती.

अहवाल चार दिवसांनी आले. सरांचा अपेक्षेप्रमाणेच निघाला: वायव्य युरोप, समुद्रकाठचा सखल भाग, खात्री जवळपास पूर्ण. सर थोडे सुखावलेच. जिथे जावं तिथलं होऊन राहावं, हे त्यांचं आवडतं मत. गेल्याबरोबर त्यांनी तिकडची भाषा शिकून घेतली, दुपारी पाव-चीज खाऊ लागले, नळाचं पाणी पिऊ लागले, नातीला सायकलवर मागे बसवून शाळेत सोडू लागले. सूनबाई मार्लूस तिकडचीच. ती म्हणायची, बाबा आमच्यापेक्षा जास्त आमचे झालेत.

मग महानंदाबाईंचा अहवाल उघडला. गुरुलिंगने मोठ्याने वाचला आणि वाचता वाचता थांबला.

"अक्का... बार्शी."

"काय बार्शी?"

"सोलापूर-धाराशिव पट्टा, सलग वास्तव्य. चारी वर्षं! तू गेलीच न्हाईस म्हनं कुटं!"

घरात एकच गलका झाला. गुरुलिंगची बायको रडायला लागली. कुणीतरी पेढे आणायला पळालं. गुरुलिंगने तिथल्या तिथे निनादला फोन लावला. "अरे, तुझ्या आईच्या केसात नुसती बार्शी निघाली बार्शी! दाजींची झडप पक्की!"

पडद्यावर निनादचा चेहरा उजळला. देवाचं नाव घेऊन त्याने डोळे पुसले. मग हळूहळू तो चेहरा गोंधळला. मागे मार्लूस उभी होती. तिने काहीतरी विचारलं, त्याने तिला समजावलं आणि पुन्हा पडद्याकडे वळून म्हणाला, "म्हणजे आई चार वर्षं आमच्याकडे जेवलीच नाही का?"

महानंदाबाई म्हणाल्या, "असं कसं म्हनतोस? बसत होते की तुमच्यासंगं टेबलावर." आणि पेढ्यांचं ताट घेऊन आत गेल्या.

उंबरजे सरांनी मात्र पेढा अर्धाच खाऊन ठेवला. आनंद झाला नाही असं नाही. आपण जगणार, हे त्यांनाही कळलं होतं. पण उत्तर बरोबर आणि रीत चुकलेली असली की त्यांना शाळेतही झोप लागत नसे. पोराने पैकीच्या पैकी मार्क मिळवले तरी ते विचारायचे, "हे आलं कसं?" आता हे आलं कसं?

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुलिंगच्या स्वयंपाकघरात ते पाणी प्यायला गेले आणि ओट्याजवळच्या माठापाशी उभे राहिले. माठाचं अंग ओलसर होतं, खाली ताटलीत पाणी साचलेलं. सरांनी त्यावर तळहात ठेवला. मग तसेच उभे राहिले.

असाच एक माठ उत्रेख्तला होता. जाताना महानंदाबाईंनी तो मांडीवर घेऊन विमानात बसायचा हट्ट धरला होता आणि विमानतळावर सरांना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तिकडच्या स्वयंपाकघरात माठ ठेवायला जागा मिळाली ती खोली गरम करणाऱ्या लोखंडी नळ्यांशेजारी. सरांनी शंभरदा सांगितलं, अगं, तिथे पाणी गार होणार कसं? माठ असतो गार पाण्यासाठी, आणि या देशात नळालाच बर्फासारखं पाणी येतं. पालथ्या घड्यावर पाणी. त्या रोज माठ भरायच्या, त्यातलंच प्यायच्या, त्याच पाण्याचा चहा आणि त्याच पाण्यात भाकरीचं पीठ मळायच्या. पीठ गुरुलिंगच्या शेतातल्या मालदांडी ज्वारीचं, पार्सलने येणारं. आणि माठ कधी पूर्ण रिता करायचा नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. घासून काढतानाही आतलं तांब्याभर पाणी बाजूला ठेवायचं आणि परत त्यातच ओतायचं. पाण्याचं भांडं घरात रितं असू नये.

सरांच्या डोक्यात गणित आपोआप सुटत गेलं. माठ झिरपतो, म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. उडताना हलकं आधी जातं, जड मागे राहतं. माठ गरम नळ्यांशेजारी, खोलीतली हवा हिवाळाभर कोरडी ठणठणीत, आणि वरून नवं पाणी घातलं तरी तळाशी कालचं जड पाणी आहेच. दिवसेंदिवस, महिनेन् महिने ते जड होत जाणार. मातीच्या त्या भांड्याने उत्रेख्तच्या पावसाचं बार्शीचं पाणी केलं होतं. वर ज्वारी, वर काळ्या मातीची खूण. बिचारं यंत्र काय करणार?

सर महानंदाबाईंना शोधत परसात गेले. त्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

"अगं, यंत्र चुकलंय. तुझ्या माठाने त्याला फसवलं." आणि त्यांनी सगळं समजावून सांगितलं, वर्गात सांगावं तसं, हातवारे करून. सांगताना ते स्वतःचं दुखणं विसरले होते.

बाईंनी नीट ऐकून घेतलं. मग सुपातली टरफलं पाखडत म्हणाल्या, "मग? सांगणार का त्यास्नी?"

सरांचे हात हवेतच राहिले. त्यांच्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. चूक सापडली की दाखवायची, एवढंच त्यांना माहीत. लग्नाच्या पत्रिकेतल्या चुकासुद्धा ते लाल शाईने दुरुस्त करून यजमानाला परत द्यायचे. पण ही चूक वेगळी होती. सांगितलं तर झडप गेली. झडप गेली तर पावसाळा गेला, नात गेली, सगळंच गेलं. मरायचं नाही मला, असं त्यांच्या मनात इतकं स्पष्ट आलं की ते स्वतःच दचकले.

"बघू," ते म्हणाले.

"यादीत आपल्या मागं कुनीतरी असंल," बाई म्हणाल्या. "म्या बत्तीस वर्षं केसपेपर नंबरानं लावले वो. गुरुलिंगला सुदिक पाळी सोडून आत घेतलं न्हाई. दोन तास रडत बसला होता बाकावर, हात मोडलेला." त्यांनी आणखी एक शेंग फोडली. "पन ते सगळं तवा ठीक होतं. तवा आत तुम्ही न्हवता."

सर शेजारी टेकले. दोघं मिळून शेंगा फोडत बसले.

यादीत नाव चढण्याआधी पडताळणी अधिकाऱ्यासमोर एकदा जावं लागे. अधिकारी होत्या बोराडे मॅडम, चाळिशीच्या, चष्मा कपाळावर ढकलून बोलणाऱ्या. गुरुलिंग वाटेत सारखा बजावत होता, "अक्का, तू फकस्त अंगठा टेकवायचा. देव द्यायला लागलाय तर कर्मानं न्यायचं न्हाई." त्याला दारातच थांबवलं, नवरा-बायकोच आत गेले.

मॅडमनी अहवाल पडद्यावर घेतला. "सगळं व्यवस्थित आहे. आजी, इथे अंगठा टेकवा."

महानंदाबाईंनी अंगठा पुढे केला आणि तसाच मागे घेतला.

"मॅडम, ह्ये चुकलंय. मी चार वर्षं हितं न्हवते. लेकाकडं होते, परदेशात."

सर बायकोकडे बघतच राहिले. पन्नास वर्षांच्या संसारात त्यांना ही बाई इतकी परकी आणि इतकी मोठी कधी वाटली नव्हती.

बोराडे मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "आजी, या खुर्चीवर बसल्यापासून असं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच. उलटं सांगणारे रोज येतात." मग त्या जरा अवघडून म्हणाल्या, "पण मला ते धरता येत नाही. माणूस काय बोलतो ते विचारात घ्यायचं नाही, असा कायदाच आहे. खोटं घ्यायचं नाही म्हणून केला, पण त्यात खरंही बसत नाही."

"मग आता?"

"अहवालाच्या शास्त्राबद्दल आक्षेप असेल तर तो घेता येतो. का चुकला, कशाने चुकला, हे नीट सांगायला लागतं. मग नमुना फेरतपासणीला जातो. दोन-अडीच महिने जातात, तोवर फाइल थांबते." त्यांनी सरांकडे बघितलं. सरांचे ओठ निळसर होते, ते त्यांनाही दिसत असावेत.

"मला शास्त्रातलं कळत न्हाई," महानंदाबाई म्हणाल्या. "ह्यास्नी कळतं. सांगायचं का न्हाई, ते त्यांचं त्यांनी बघावं. मला जेवढं ठावं होतं तेवढं मी सांगितलं." आणि त्यांनी हात मांडीवर ठेवले.

खोलीत पंखा फिरत होता. सरांना सगळं ठाऊक होतं, एका दमात मांडता आलं असतं. माठ, उडणारं पाणी, मागे राहणारा जड ऑक्सिजन. आयुष्यात त्यांनी मांडलेली सगळ्यात सुंदर उपपत्ती होती ती, आणि ती ऐकायला समोर अधिकारी बसल्या होत्या. त्यांना सायकलवर मागे बसलेल्या नातीची लाल टोपी डोळ्यांसमोर दिसली. त्यांना भीती वाटली.

"मॅडम," ते म्हणाले, "अहवाल बरोबर आहे."

बाईंनी मान वळवली.

"मी चाळीस वर्षं हा विषय शिकवलाय. तुमचं यंत्र माणूस कुठे झोपला ते सांगत नाही. ते सांगतं, त्याने कुठलं अन्न अंगी लावून घेतलं, कुठलं पाणी लावून घेतलं. मी गेलो आणि तिथला झालो. माझ्या केसात तो देश आला. ही माझ्याबरोबर आली, पण हिने तिथलं काही अंगी लागू दिलं नाही. तिथल्या टेबलावर बसायची, खायची इथलं. घोट घेतला तोही इथला करून घेतला." त्यांना धाप लागली. मॅडम उठू लागल्या, तेव्हा त्यांनी हातानेच थांबवलं. "चार वर्षं मी एकटाच तिथे राहत होतो. ही राहिलीच नाही. मला ते माहीत नव्हतं. तुमच्या यंत्राला कळलं."

मॅडमनी चष्मा पुन्हा कपाळावर ढकलला. "म्हणजे शास्त्रीय आक्षेप नाही?"

"नाही."

महानंदाबाईंनी अंगठा टेकवला.

बाहेर व्हरांड्यात एक बाकडं होतं. गुरुलिंग गाडी आणायला गेला. दोघं बाकड्यावर बसले.

"मी भीतीने बोललो," सर म्हणाले. "मला जगायचं होतं म्हणून. तुझ्यासारखं मला जमलं नाही."

"ठावं हाय मला."

"पण बोलता बोलता लक्षात आलं, की मी खोटं बोलत नाहीये. याचंच जास्त लागलं." त्यांचा आवाज फुटला. शाळेतल्या कुठल्याही पोराने सरांना असं कधी बघितलं नव्हतं. "तुला तिथे इतकं नको होतं, तर बोलली का नाहीस गं?"

महानंदाबाईंनी पदराने आपलंच तोंड पुसलं. "तुम्ही सायकलीवरनं घरी यायचाव, गाल लाल, मागं पोरगी गानं म्हनायलीय. आयुष्यात तुमास्नी एवढं खुशीत बघितलं न्हवतं. त्यात मी कुटं मिठाचा खडा टाकू? आन मार्लूस वाईट न्हाई वो. पोरगी जीव लावती. फकस्त ते घर माझं न्हवतं. तुम्ही सगळ्यास्नी माठ दाखवून हसायचाव. मी पन हसायचे. माझं म्हनून तेवढंच होतं तितं."

सर पायाजवळच्या फरशीकडे बघत राहिले.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वॉर्डातल्या सिस्टरचा झाला होता. "आपल्या मागं यादीत जे कोन हाय, त्याचं वझं माझ्याबी डोस्क्यावर हाय. तुमच्या एकट्याच्या न्हाई. आन यंत्रानं मला हितली म्हनलंय, तर मी आता हितलीच ऱ्हानार. बरं झालाव की मी परत जानार न्हाई. तुमचं तुम्ही ठरवा."

सरांना ठरवायला वेळ लागला. गाडी आली, गुरुलिंगने दोनदा हॉर्न वाजवला, तरी ते बसून होते. उत्रेख्तची सकाळ, कालव्याकाठचा रस्ता, पाठीला चिकटून बसलेली नात, हे सगळं त्यांनी एकदा नीट बघून घेतलं.

"मीही इथेच," ते म्हणाले. हे बोलताना त्यांना बरं वाटलं नाही. पण ते बोलले.

झडप बसली. शरीराने ती आपलीच म्हणून ओळखली, कारण ती होतीच त्यांची. दिवाळीपर्यंत सर बार्शीच्या बाजारात पायी जाऊन भाजीवाल्याच्या पाटीवरच्या चुका दाखवू लागले. भाड्याने घेतलेल्या दोन खोल्यांत महानंदाबाईंनी पहिल्याच दिवशी नवा माठ आणून ठेवला. सर त्यातलंच पाणी पीत. चव वेगळी लागते हे त्यांनी कबूल केलं नाही, पण पेला भरताना ते आता हसत नसत.

दर रविवारी दुपारी निनादचा फोन येई. सुरुवातीचे काही रविवार तो तुटक बोलला. आईला काही विचारायचा नाही, बाबांशीच बोलायचा. नूर, त्यांची नात, मध्येच येऊन सरांना विचारायची की तुम्ही सायकल कुणाला दिली, आणि फोन ठेवल्यावर सर बराच वेळ खिडकीशी उभे राहत. त्यांना तिची आठवण येई, आणि ती कमी होत नव्हती.

एका रविवारी निनाद म्हणाला, "आई, इथला तुझा माठ पाठवून देऊ का?"

"नगो रं. वाटंत फुटंल."

"तसाही आता देता येणार नाही." तो पहिल्यांदा आईकडे बघून हसला. "नूर त्यातलंच पाणी पिते. नळाला हात लावत नाही. आजीचं पाणी, म्हणते. रोज शाळेतून आली की स्वतः भरते."

सर ताठ बसले. तिकडे हिवाळा लागला होता, म्हणजे नळ्या तापायला लागल्या असणार. हवा कोरडी होणार, माठ झिरपणार, हलकं उडून जाणार. आणि नऊ वर्षांच्या पोरीचे केस महिन्याला सेंटिमीटरभर वाढतात. त्यांनी तोंड उघडलं. मग महानंदाबाईंकडे बघितलं आणि ते मिटलं.

बाई पडद्याजवळ सरकल्या.

"तिला सांग," त्या म्हणाल्या, "माठ पुरता रिता करायचा न्हाई. खाली थोडं ठिवायचं आन वरनं भरत ऱ्हायचं."